हळदीचे वीस सव्वे

पहिल्यांदाच माफी मागून ठेवते. माझं अक्षर म्हणजे ओल्या चिखलातून कोंबडी चालत गेल्यासारखं आहे. ऱ्हस्व कुठे नि दीर्घ कुठे, हे मला चौथीपर्यंत कळलं नाही आणि चौथीनंतर सांगायला कोणी उरलं नाही, कारण शाळा तेवढीच झाली. ही वही माझ्या नातीची. अर्धी कोरी असून रद्दीत निघाली होती, ती मी हळूच काढून घेतली. दुपारी सून कामावर आणि नात शाळेत गेली की दार लावून घेते आणि लिहीत बसते. कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. पण पुढेमागे कोणाच्या हाती लागलीच, तर त्याने चुका पोटात घालाव्यात, आणि हसायचं असेल तर माझ्या माघारी हसावं.

सध्या आमच्या सोमाटण्याच्या घरात एकच विषय चालू आहे. नाताळच्या सुट्टीत कुत्र्याचं पिल्लू आणायचं की नाही. सून म्हणते, तिसऱ्या मजल्यावर त्याची घाण कोण काढणार. लेक म्हणतो, सोसायटीला विचारावं लागेल. नात काही म्हणत नाही, फक्त जेवत नाही. मला कोणी विचारलेलं नाही आणि मी आपण होऊन बोलणाऱ्यांतली नव्हे. पण रोज रात्री ताटावर हीच चर्चा ऐकून मला आमचं मळवलीचं घर आठवायला लागलं आहे. तिथे हाच निकाल लागायला दहा दिवस लागले होते, आणि तो लावायला देवाला मध्ये पडावं लागलं होतं.

आमचं घर मळवली स्टेशनाच्या पलीकडे, किल्ल्याच्या बाजूला, गावाच्या अगदी शेवटी होतं. आमच्यानंतर नुसती भाताची खाचरं, मग ओढा आणि ओढ्यापलीकडे मुंबईच्या लोकांचे तीन बंगले. त्यातल्या मधल्या बंगल्यावर आबा माळी होते. माळी म्हणजे झाडांना पाणी घालण्यापासून मोटार धुण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे, आणि किल्ल्यांचा जुडगा आमच्या देवळीत. आबांचा एकच नियम होता, बंगल्यातली सुईसुद्धा आपली नाही. बंगल्यातल्या झाडाखाली पडलेला पेरूसुद्धा ते उचलून बंगल्याच्या ओट्यावर ठेवायचे आणि तो तिथे सडायचा. आई त्यावरून चिडायची. "पेरू पाखरानं खाल्ला तर चालतोय, लेकरानं खाल्ला तर न्हाई," म्हणायची. आबा पुढचा पेरू उचलायला जायचे. घरात आणखी एक माणूस म्हणजे आत्या. ती टाकव्याला दिलेली, पण नवरा लवकर गेला आणि ती आमच्याकडे आली, येताना एक म्हैस घेऊन आली. त्यामुळे तिचा घरात शब्द होता. माझ्या दोन्ही बहिणी लग्न होऊन गेल्या होत्या. मी बारातेरा वर्षांची असेन.

त्या घराचे आवाज मला अजून ऐकू येतात. पहाटे आईची भाकरी थापण्याची थाप, तिच्या मागोमाग चुलीतल्या ओल्या फाट्याचं चुरचुरणं, आणि लांबून घाट चढून आलेल्या गाडीची शिट्टी. आईला घड्याळ नव्हतं, ती गाड्यांवर स्वयंपाक करायची. अमुक गाडी गेली की तवा चढवायचा, तमुक गेली की आबांची शिदोरी बांधायची. गाडीला उशीर झाला की आबांनाही उशीर. मार्गशीर्षात भात झोडून झालेलं असायचं, अंगणात पेंढ्याची उडवी रचलेली असायची आणि नव्या तांदळाचा वास घरभर. पावट्याची आमटी, त्यात हाताने कुटलेला मसाला, आणि तो भात. आता आम्ही तांदूळ पिशवीतून आणतो. पिशवीवर आमच्याच तालुक्याच्या तांदळाचं नाव असतं, पण वास येत नाही. असो.

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी फार लाजरी होते. नाव हौसा, पण हौस फक्त लपायची. घरी पाव्हणा आला की मी कणगीमागे जायची आणि तो गेल्यावर बाहेर यायची. एकदा पाव्हणा मुक्कामाला राहिला तर तिथेच झोपले. आत्या म्हणायची, "हिच्या तोंडाला कुलूप हाय, आन् किल्ली ही उपजताना तितंच राहिली." त्या दिवसांत आत्या किल्ल्याच्या वाटेवर ताक विकायला बसायची. थंडीत किल्ला चढायला शहरातली पोरं यायची, चार आण्याला गिलास. मी मडकं धरून शेजारी बसायची. "ताक घ्या, थंडगार ताक," हे आत्याने म्हणायचं, गिलास विसळायचं काम माझं.

त्या बंगल्याच्या बाईंचं नाव फिलोमिना. आम्ही सगळे फिलूबाई म्हणायचो. त्या ख्रिस्ती, मुंबईत नोकरी करायच्या, एकट्या राहायच्या. उंच, केस पुरुषासारखे कापलेले, आवाज मोठा. दिवाळीला आणि नाताळला यायच्या, मे महिन्यात यायच्या आणि मधूनमधून एखाद्या रविवारी. त्यांची रोझी नावाची तांबडी कुत्री होती. त्या वर्षी दिवाळीत बंगल्यावरच रोझी व्याली. चार पिल्लं. एवढी लहान पिल्लं मुंबईला नेता येईनात, म्हणून बाई रोझीला आबांवर सोपवून गेल्या. आबांनी ते काम माझ्यावर सोपवलं. सकाळी आत्याच्या म्हशीचं दूध, संध्याकाळी दूधभात. दीड महिना मी त्या पिल्लांच्या घोळक्यात बसून काढला. त्यांच्याशी मी बोलायची. घरात दिवसभरात जेवढे शब्द माझ्या तोंडून निघत नसत, तेवढे मी तिथे तासाभरात बोलायची. त्यातली एक तांबूस मादी होती. तिचा एक कान उभा राहायचा नि एक पडायचा. मी बोलायला लागले की ती मान वाकडी करून ऐकायची, जणू काही हिशेब तपासते आहे. ती मला हवी होती.

पण हवी म्हणून घरी कशी आणणार? बाईंनी जातानाच सांगितलं होतं, तीन पिल्लं ओळखीच्यांना कबूल केली आहेत आणि ही वाकड्या कानाची त्या स्वतः मुंबईला नेणार. घरातही मी एकदाच, तेही पाठीमागून, आईला विचारलं होतं. आई भाकरी उलटत म्हणाली, "दिसाला दोन भाकरी त्याला. कोंबड्या किती खाईल त्या येगळ्या." आत्याने तर हातच झाडले. "मादी? वरसाला पाच-सहा पिल्लं. आपुन काय कुत्र्याचा बाजार मांडायचाय? आन् बिबट्या काय वास काढत यायचा न्हाई?" आबा एवढंच म्हणाले, "बंगल्यातली सुई बी..." आणि पुढचं वाक्य त्यांनी नेहमीप्रमाणे आमच्यावर सोडलं.

त्या वर्षी चंपाषष्ठी नाताळच्या चार-पाच दिवस आधी आली. आमचा देव खंडोबा. आषाढापासून चंपाषष्ठीपर्यंत आमच्या घरात वांगं बंद. त्या दिवशी सुटायचं. आई फारसं मानायची नाही, पण आत्या इतकी कडक की वांग्याच्या वाफ्याकडे बघायचीसुद्धा नाही. मग चंपाषष्ठीच्या दिवशी सकाळपासून उपाशी राहून ती स्वतः वांगी भाजायला बसायची. गोवऱ्यांच्या विस्तवात वांगी आणि बाजरीचे रोडगे, वर कांद्याची पात आणि कच्चं तेल. घरभर असा वास सुटायचा की गोठ्यातली म्हैससुद्धा हंबरायची. पण जेवायच्या आधी एक काम. देवापुढे तळी उचलायची, भंडारा उधळायचा आणि नैवेद्याचं पहिलं पान कुत्र्यापुढे ठेवायचं. कुत्रं खंडोबाचं. त्याने तोंड लावल्याशिवाय घरात घास उचलायचा नाही.

आता यात एक अडचण आहे, ती आमच्या गावच्या माणसालाच ठाऊक. त्या दिवशी गावातलं प्रत्येक घर कुत्र्याच्या शोधात असतं. एरवी लाथा खाणारी कुत्री त्या दिवशी जावयासारखी फिरतात. सकाळपासून या दारी रोडगा, त्या दारी भरीत. आमचं घर सगळ्यात शेवटी. आमच्यापर्यंत कुत्रं येईस्तोवर त्याचं पोट नगाऱ्यासारखं झालेलं असायचं. दरवर्षी कसंबसं एखादं दोन घास खायचं. त्या वर्षी मात्र एकही खाईना. पाटलांचा मोत्या आला, त्याने रोडग्याचा वास घेतला, आत्याकडे बघितलं आणि पानाकडे पाठ करून आडवा झाला.

"खा की रं देवा," आत्या म्हणाली. "येकच घास खा."

मोत्याने डोळे मिटले.

आई म्हणाली, "वन्सं, गाईला घाला. गाय बी देवच."

"खंडोबाला गाय चालती व्हय? उद्या म्हणशील मांजराला घाला."

"मग बसा उपाशी. मला काय, मी भाकरी खाते."

"तू खा की. चार महिनं वांगं सोडलं ते मी."

उन्हं कलायला लागली. आबा लोणावळ्याला गेले होते, बाई यायच्या म्हणून त्यांच्या यादीचं सामान आणायला. आत्या दारात पदर डोक्यावर घेऊन बसली होती आणि वाटेने जाणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला अहो-जाहो करत होती. तिचा चेहरा उतरला होता. मला तिची खरोखर दया आली. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात दुसरंही काही होतं, ते आज या वयात नाकारण्यात अर्थ नाही. मी देवळीतल्या किल्ल्या उचलल्या आणि ओढा ओलांडून बंगल्यावर गेले. रोझी पिल्लांना सोडून हलेना, म्हणून वाकड्या कानाचीला परकराच्या ओच्यात घेतलं आणि पळत घरी आले. कोणाला विचारलं नाही. विचारायला तोंड उघडावं लागतं, उचलायला नुसते हात लागतात. लाजऱ्या माणसाच्या हातून चोरी अशीच होत असावी.

मी तिला पानापुढे ठेवलं. सणाच्या गडबडीत त्या सकाळी तिला दूध मिळालं नव्हतं. तिने पहिल्यांदा भरितात एक पाय ठेवला, मग तोंड घातलं, आणि मग जे सुरू केलं ते पान चाटून पुसून कोरं होईपर्यंत मान वर केली नाही. आत्या बघतच राहिली. मग उठली, चिमूटभर भंडारा घेतला आणि त्या एवढ्याशा कपाळावर असा थापला की पिल्लाला शिंक आली.

"येळकोट येळकोट जय मल्हार," आत्या म्हणाली आणि तिथेच जेवायला बसली. तीन रोडगे खाल्ले तिने. तिसऱ्या रोडग्यावर मला विचारलं, "कुनाचं गं हे?"

मी पिल्लाचा भरिताने माखलेला पाय पुसायला लागले.

"बंगल्यातलं," आई म्हणाली. "आता बघा, तुमचे भाऊ आले की."

आबा आले. त्यांनी पिल्लू बघितलं, किल्ल्यांविना रिकामी देवळी बघितली आणि सामानाची पिशवी न ठेवताच उभे राहिले. आबा ओरडायचे नाहीत. ते म्हणाले, "हौसे, बाईंनी किल्ल्या माझ्याकडं दिल्यात, तुझ्याकडं न्हाई." मला मार परवडला असता. मी पिल्लू उचलायला गेले तर आत्या आडवी आली. मादी नको म्हणून हात झाडणारी आत्या.

"थांब. त्यानं देवाचं खाल्लंय. आता त्याला उंबऱ्याभाईर कसं घालायचं?"

"अक्का, ते बाईंचं हाय."

"आधी बाईंचं व्हतं. आता खंडोबाचं हाय. देवानं धाडलं म्हणून मी जेवले."

"देवानं न्हाई, हिनं धाडलं. चोरून."

"मग इचार की बाईंला!"

आबा खाली बसले. मग म्हणाले ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. "मी इचारणार न्हाई. माळ्यानं मागितलं की बाईला न्हाई म्हणता येत न्हाई, आन् मग ते मनातनं दिलेलं नसतं. हौसेनं उचललंय, हौसेनं इचारावं. तोंडानं. बाईंनी दिलं तर ठेवू, न्हाई दिलं तर त्याचं नाव काढायचं न्हाई. आजच्या आज ते परत जाईल."

पिल्लू परत गेलं. मी ओल्या फडक्याने त्याचं कपाळ किती घासलं, पण हळद ती हळद.

बाई नाताळच्या आदल्या दिवशी आल्या. व्हरांड्यात कागदाची चांदणी टांगली, आत दिवा. आमच्या ओट्यावरून ती ओढ्यापलीकडे दिसायची. शाळेतल्या पोरांना सुट्टी लागली होती. मला शाळाच नव्हती, त्यामुळे बाईंची सुट्टी तीच माझी. बाई एक जानेवारीला परत जाणार होत्या. म्हणजे एक वाक्य बोलायला माझ्याकडे आठ दिवस होते.

पहिल्या दिवशी मी गेले आणि व्हरांड्याच्या खांबाला धरून उभी राहिले. बाई म्हणाल्या, "काय ग हौसा? आबाने पाठवलं?" मी मान हलवली, हो की नाही ते मलाच कळलं नाही. बाईंनी काळ्या मनुकांच्या केकचे चार तुकडे कागदात बांधून दिले. मी घरी आले. आत्याने कागद उघडून बघितला. "मागितलं का?" मी कणगीकडे सरकले. "ह्यात अंडं हाय का, ते तरी इचारलंस का?" तेही नाही. आत्याचा मार्गशीर्ष चालू होता, ती अंड्याला शिवत नव्हती. केक फडताळात गेला. दुसऱ्या दिवशी गेले तर त्यांच्यातल्या नेवऱ्या मिळाल्या, आपल्या करंज्यांसारख्याच पण आत तीळ आणि खोबरं. तिसऱ्या दिवशी शंखाच्या आकाराचे गोड कुलकुल, डबाभर. आत्याने डबा वाजवून बघितला. "कुत्रं आणाया धाडली का बाजार कराया? असंच चाललं तर हिचं लगीन ह्या फराळावरच उरकंल." आई पदर तोंडाला लावून हसत होती. फडताळ भरत चाललं होतं आणि दिवस सरत चालले होते. बाईंना वाटायचं, पोरीला गोड आवडतं.

दरम्यान लोक येऊन पिल्लं नेत होते. एक गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. तांबूस मादी एकटी रोझीपाशी राहिली. बाई तिला मांडीवर घेऊन बसायच्या आणि कपाळ चोळून म्हणायच्या, "हिचा रंग बदलतोय की काय?" आबा तेव्हा नेमके लांबच्या गुलाबाला पाणी घालत असायचे.

मी गोठ्यात जाऊन म्हशीपुढे सराव केला. 'बाई, हे पिल्लू मला द्याल का?' सहाच शब्द. म्हैस रवंथ करत ऐकायची. म्हशीपुढे अगदी स्पष्ट यायचं.

एकतीस तारखेला दुपारी बाई सामान बांधत होत्या. पिल्लासाठी वेताची टोपली काढून ठेवली होती आणि तिच्यात जुनी मऊ चादर घातली होती. ती टोपली बघून मी तोंड उघडलं. सहा शब्द कुठे गेले कोणास ठाऊक. जे बाहेर पडलं ते हे:

"बाई, तुमच्या कुत्र्यानं आमच्या देवाचं खाल्लं."

बाईंच्या हातातली चादर खाली पडली. "काय? कधी? अरे देवा, देवघरात गेलं काय ते?" त्यांना वाटलं, मोठा विटाळ झाला. त्या पर्स शोधायला लागल्या. "किती नुकसान झालं? पूजा परत करायची असेल ना? ब्राह्मणाला किती द्यावं लागतं? आबाने आठ दिवस सांगितलं कसं नाही मला!" आणि दहाच्या दोन नोटा त्यांनी माझ्यापुढे धरल्या. आबा दारात येऊन उभे. त्यांचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांच्याच हातून बंगल्याचं कुलूप फोडून घेतलं. घेतल्या त्या नोटा, तर आम्ही बाईंना फसवलं. न घेऊन गप्प बसले, तर तीच गत. मला बोलावंच लागलं.

आणि मी बोलले. कुठून आलं माहीत नाही. एका दमात सगळं. वांगं बंद असतं ते, आत्या उपाशी होती ते, मोत्या झोपला ते, किल्ल्या मी घेतल्या, आबांनी नाही, ओच्यातून नेलं, भरितात पाय ठेवला, भंडारा लावला, रंग बदलत नाहीये ती हळद आहे, केक आत्याने खाल्ला नाही कारण त्यात अंडं असेल, मी रोज विचारायलाच येत होते, मला गोड एवढं आवडत नाही. तिथे दम संपला. बाई खाली बसल्या होत्या. पहिल्यांदा त्या हसायला लागल्या, मग डोळे पुसायला लागल्या, आणि मग दोन्ही एकदम.

"आबा," त्या म्हणाल्या, "ही बोलते की!"

"मला बी आजच कळलं," आबा म्हणाले.

बाईंनी पिल्लू उचललं. थोडा वेळ ते नुसतं धरून बसल्या. त्यांनाही ते हवं होतं हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. आज कळतं. रोझी म्हातारी होत चालली होती, आणि मुंबईच्या खोलीत त्या दोघीच. "तुमच्या देवाने ठेवून घेतलं म्हणजे मी काय बोलणार," म्हणून त्यांनी ते माझ्या ओच्यात घातलं.

गोष्ट इथे संपली असती. पण मी घरी पोचते न पोचते तोच आत्या मला घेऊन परत बंगल्यावर आली, पदराच्या गाठीत सव्वा रुपया बांधून. आमच्यात फुकटचं जनावर घेत नाहीत. फुकट घेतलेलं लाभत नाही, पळून जातं नाहीतर मरतं. निदान सव्वा रुपया तरी मोजायचा.

"मावशी, मी कुत्री विकत नाही," बाई म्हणाल्या.

"मग आमी नेत न्हाई."

"असं कसं?"

"असंच असतंय. मोल घ्या."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "बरं. मग माझं मोल पंचवीस रुपये. सव्वा आत्ता द्या, बाकीचे हौसा देईल. मी येईन तेव्हा दर वेळी सव्वा. स्वतः कमवून. आणि नुसते पैसे घेणार नाही. पैशाबरोबर पिल्लाची एक बातमी तोंडाने सांगायची, आणि पावती तिनेच तिच्या हाताने लिहायची."

आत्या बोटं मोजत राहिली. मी मात्र पटकन म्हणाले, "वीस सव्वे पंचवीस." आमच्या गुरुजींनी सवायकी, म्हणजे सव्वाचा पाढा, पाठ करून घेतली होती. चौथीचा एवढा उपयोग मला पुढे कधी झाला नाही.

पिल्लाचं नाव आपोआप हळदी पडलं. आईने पहिल्या रात्री दोन भाकऱ्या जास्त थापल्या. एकदा हळदीने कोंबडी धरली, ती आत्याने तिच्या तोंडातून सोडवली आणि शिव्या मात्र कोंबडीला घातल्या. बिबट्याच्या भीतीने हळदी रात्री घरात झोपायची, आत्याच्या वाकळेवर. पुढे पिल्लंही झाली, दोनदा, आणि आत्याने ती एकेक सव्वा रुपया घेऊन टाकव्यापर्यंत दिली.

सव्वा कमवायचा कसा, त्याचा नियमही आत्यानेच घातला. किल्ल्याच्या वाटेवर पाच गिलास ताक मी हाळी देऊन विकायचं, त्याचे पैसे माझे. पहिल्या दिवशी माझी हाळी शेजारच्या हळदीलाही ऐकू गेली नाही. मग एक चष्म्यातली मुलगी थांबली आणि म्हणाली, "काय म्हणालीस?" मी परत म्हटलं. तिने दोन गिलास घेतले. मे महिना येईपर्यंत माझी हाळी खालच्या वाटेवरच्या लेण्यांच्या पायथ्यापर्यंत जायला लागली. आत्या म्हणायची, "आता कुलूप बी घावंना."

बाई आल्या की मी रुपया आणि चार आणे घेऊन जायची, बातमी सांगायची आणि त्यांच्या निळ्या वहीत लिहायची. पहिली पावती मला आठवते. 'हळदी बरी आहे. १ रुपया २५ पैसे.' तीन ओळींतल्या एवढ्या शब्दांना मला अर्धा तास लागला. आठव्या-नवव्या पावतीपासून ओळी वाढत गेल्या. बाई ती वही मुंबईला न्यायच्या आणि परत आणायच्या. शाळा सुटल्यावर माझ्या वयाच्या गावातल्या बहुतेक मुली सहीपुरत्या उरल्या. माझं अक्षर जसं आहे तसं का होईना, टिकलं ते त्या वहीमुळे. हे बाईंनी मुद्दाम केलं का, मी कधी विचारलं नाही. एवढं मोठं विचारायला मी अजूनही लाजते.

तीन वर्षं गेली. माझं लग्न ठरलं, सोमाटण्याला. नाताळची तीच सुट्टी, तीच चांदणी, आणि माझा विसावा सव्वा. हळदी बरोबर होती, चांगली पोटरीएवढी झालेली. मी रुपया आणि चार आणे टेबलावर ठेवले. बाई म्हणाल्या, "हा राहू दे ग. लग्नाचा आहेर समज."

"न्हाई बाई," मी म्हणाले. "पुरं घ्या. आहेर येगळा द्या."

बाई एवढ्या मोठ्याने हसल्या की बाहेर आबा दचकले. त्यांनी पैसे उचलले, वही पुढे ओढली, आणि मला लिहू दिलं नाही. "ही पावती माझी," म्हणाल्या. त्यांना मराठी बोलता यायचं, लिहायचं जमत नव्हतं. जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर पाडत, किती वेळ लिहीत होत्या. ते पान फाडून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "अक्षर वाईट आहे, हसू नको."

ते पान माझ्याकडे आहे. आज संध्याकाळी नात आली की तिला दाखवावं म्हणते, आणि लेकाशीही पिल्लाबद्दल दोन शब्द बोलावेत. त्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं आहे: 'हौसाकडून हळदीचे पंचवीस रुपये मिळाले. काही बाकी नाही.'

घरी आले तेव्हा आत्या उंबऱ्यात बसली होती. "फिटलं का?" तिने विचारलं.

"फिटलं," मी म्हणाले, ओढ्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.